भाचीचं रडणं हेडफोनमधून स्पीकरवर

मंडळी, आज सकाळी पिपलानीतल्या आमच्या घरी मी हेडफोन लावून ऑफिसचं काम करत होते. तेवढ्यात कॉम्प्युटरवर पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. वहिनीला मुलगी झाली होती आणि ती जोरजोरात रडत होती.

आई-बाबा धावत आले. बाळ दिसत होतं, पण आवाज फक्त माझ्या कानात.

"अगं, आम्हालाही ऐकव ना," आई म्हणाली.

सेटिंग शोधत बसले असते तर बाळ गप्प झालं असतं. मी विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणं एकदम दाबली, आवाज कुठून यावा त्याची यादी उघडली, त्यातून स्पीकर निवडला, आणि नातीचं रडणं घरभर घुमलं.

बाबा डोळे पुसत म्हणाले, "आवाज वाढव जरा."

कुणाच्या रडण्याने तुमचं घर असं खूश झालंय का?