दोन बोटांची पाचर

"राव, ध्रुव काय तुमच्यासंगं पुण्याहून रेल्वेत बसून आला काय? तो इथलाच अहे. एका मुठीवर. हा तुमचा काटा बघतो दोन मुठींवर. तिथं काय अहे? चुम्मा, नुसतं आभाळ!"

रघोजी पाथरवटानं हात ताठ लांब करून मूठ उत्तरेकडं धरली. तंजावरात क्षितिजावर अशी एक मूठ ठेवली, की रात्री तिच्या जरा वर ध्रुव सापडतो. सूर्यघड्याळाचा काटा नेमका त्याच्याकडं रोखलेला लागतो, तरच सावली रेघांवरून सरळ चालते. हे रघोजीला बापानं शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं.

वादिराजरावांनी मुठीकडं पाहिलंसुद्धा नाही. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मराठी मंडळाचे अध्यक्ष. जन्मात एकदा पुण्याला गेले, भाच्याच्या लग्नाला, अकरा दिवस. तेवढ्यात जीभ फिरली. जन्मभर 'अहे' म्हणणारा माणूस 'आहे' म्हणायला लागला, आणि घरच्या अंबट वरणाला बायकोनं आमटी म्हणावं म्हणून तिच्यावर डोळे वटारायला लागला. येताना ही दीड वीत पितळी तबकडी आणली. 'आपल्या मूळ देशाची वेळ' मंडळाच्या अंगणात नांदावी, म्हणून. तबकडीवरचे आकडे देवनागरी. शाळेत तमिळच शिकलेल्या मंडळातल्या निम्म्यांना ते वाचता येईनात. ते बारापासून बोटांनी रेघा मोजत.

"दक्षिणेची कड दोन बोटं उचलूं द्या," रघोजी म्हणाला. "खाली पाचर घालतों. मग काटा खाली वाकून इथला ध्रुव बघेल."

"तिरपं? पाहुण्यांसमोर तिरपं? पाणसळ लाव आणि सपाट बसव. पुण्यात सपाटच आहे."

"पुण्यात सपाटच पाहिजे. हें तंजावर."

"तू दगड फोड, रघोजी. भूगोल मला शिकवू नकोस."

रघोजीनं पाणसळ लावली. खांबावर तबकडी अशी सपाट बसवली की वर पाण्याचा थेंब ठेवला तर तिथंच वाळावा.

महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष. पोंगलनंतरच्या रविवारी दुपारी ठीक चारला उद्घाटन. मद्रासहून आलेल्या बड्या साहेबांनी फडकं ओढलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तबकडीवरची सावली पाहिली, आणि विचारलं, "साडेतीन? मी लवकर आलो की काय?"

लोक हसले. वादिराजराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले, आणि मग सरळ बोट दाखवून म्हणाले, "त्या पाथरवटानं वाकडं बसवलं."

सपाट बसव म्हणणारा हाच माणूस, आणि वाकडं म्हणणाराही हाच. पण बोट पाथरवटाकडं गेलं की लोकांना पुढं बघायची गरज राहत नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या रामस्वामीचा गडी आला आणि टाकी लावून खरखरीत करायला ठेवलेला इडलीच्या पिठाचा दगड उचलून घेऊन गेला. ज्याला पत्रा सरळ बसवता येत नाही त्याच्या हातून दगड कसा सरळ फिरेल, असं मालक म्हणतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत आणखी दोन दगड गेले. अंगणात दगडांच्या जागी नुसते ओले गोल उरले.

"जाऊं द्या," बायको भामा म्हणाली. "कुंभकोणास काम बघा."

"कुंभकोणास जाऊन काय सांगूं? वाकडा रघोजी आला म्हणून? सरि, पो! बास झालं. खडू दे."

शनिवारी तो खडू घेऊन मंडळात गेला. रामस्वामीला घेऊन गेला, त्याच्या मनगटी घड्याळासकट. सकाळी साडेआठला सावली तेरा मिनिटं मागं, दुपारी चारला तीस मिनिटं मागं. दोन्ही वेळा रामस्वामीनं स्वतः खडूनं खूण केली. रविवारी रघोजीनं कुणाला न विचारता दक्षिणेखाली दगडाची दोन बोटांची पाचर ठोकली. सकाळी बावीस मिनिटं मागं. दुपारी बघायला गर्दी जमली, तेव्हाही बावीस.

"बघ," रघोजी रामस्वामीला म्हणाला. "काल सकाळी एक चूक, दुपारी दुसरी. आज दोन्ही वेळ एकच. खोटं बोलणारा असा एकच आकडा धरून ठेवतो काय?"

"पण बावीस तरी कशाला?" वादिराजराव गर्दीतून पुढं आले.

"तेरा तुमच्या रेडिओचीं, ज्यावर घड्याळं लावतां. पापनाशमास फलाट घालतांना स्टेशनमास्तरानं सांगितलं मला. रेडिओची दुपार तिकडं पूर्वेस, काकीनाड्याच्या बाजूस होते. तिथून सूर्य आपल्या डोक्यावर यायला तेरा मिनिटं लागतात. उरलीं नऊ सूर्याचींच. कार्तिकांत तो घाईंत असतो, पौष-माघांत आळशी. वर्षभर एका चालीनं चालायला तो काय कचेरींत कारकून अहे?"

रामस्वामी हसला. वादिराजरावांना ते लागलं.

"मग तबकडी फिरव की थोडी! चारला चार दिसले म्हणजे झालं."

"फिरवा. आज चारला चार दिसतील. कार्तिकांत पंचवीस मिनिटं पुढं पळेल, तेव्हां कुणाकडं बोट दाखवणार? माझा हात लागणार नाहीं तिला."

"अरे, मग उपयोग काय ह्याचा? ढग आला की बंद, ऐप्पसीच्या, आश्विन-कार्तिकाच्या पावसात महिनाभर बंद, रात्री बंद!"

"तें मला कां पुसतां? मी आणलं काय?"

ह्यावर वादिराजराव तमिळमध्ये बोलले. राग आला की पुणं आपोआप उतरायचं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावून एक पाटी लिहून घेतली आणि खांबाला टांगली: 'घड्याळ दुरुस्तीत आहे.' तीही तमिळ लिपीत, कारण देवनागरीत लिहिली असती तर वाचणार कोण? सूर्य वर तळपत होता, सावली रेघेवर नेमकी पडत होती, आणि खाली पाटी. अध्यक्षमहाशयांनी पाटीखाली उभं राहून दोनदा रुमालानं घाम पुसला, आणि मंडळाची बैठक साडेपाचला आहे असं मनगटावर बघून जाहीर केलं.

सोमवारी सकाळी रामस्वामीचा गडी दगड परत घेऊन आला. बरोबर दुसराही, जुना, पार गुळगुळीत झालेला.

"मालक म्हणाले, दोन्हीला टाकी लावा. उद्याच्या इडलीला पीठ वाटायचंय."

"मालकास सांग, उन्हं पायरीवरून उतरलीं की घेऊन जा," रघोजी म्हणाला.

"म्हणजे किती वाजता?"

रघोजीनं छिन्नीनं पायरीवरचं ऊन दाखवलं. गुळगुळीत दगड त्यानं मांडीसमोर ओढला, तळवा फिरवून कुठं झिजलाय ते पाहिलं, आणि मधल्या खळग्यापासून छिन्नी टोचत बाहेरच्या कडेकडं निघाला.