झाडूवालीचा भाव

आमच्या मावशीचं चष्म्याचं दुकान आहे. ती माणसांची नावं विसरते, पण नाक विसरत नाही. रस्त्यात कुणी हसून हात केला की ती आधी त्याच्या नाकाकडे बघते आणि मग म्हणते, “हां, तुम्ही! फ्रेम डावीकडे घसरते, तेच ना?” लग्न तिनं केलं नाही. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, अशा दोघीच राहतात. आजीचा आवाज इतका खणखणीत आहे की ती वर नळाला बोलत असली तरी खाली गिऱ्हाईक दचकतं. मावशी शांतपणे सांगते, “तुम्हाला नाही, नळाला.”

अशा या मावशीला जुन्या कॉमिकची चित्रं जमवायचा नाद लागला, तोही नाकामुळेच.

झालं असं, की तिच्याकडे एक जुने गिऱ्हाईक यायचे. त्यांच्या चष्म्याच्या काचा सोड्याच्या बाटलीच्या बुडाइतक्या जाड, म्हणून मी त्यांना भिंगकाका म्हणते. ते एकदा फ्रेमचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आले आणि हातातलं रंगीत पुस्तक काउंटरवर ठेवून बसले. तो एका लिलावाचा कॅटलॉग होता. स्क्रू फिरवता फिरवता मावशीनं सहज पान उलटलं आणि तिच्या हातातून पेचकस खाली पडला.

पानावर तिची आई होती.

नाक तेच, मधेच विचार बदलल्यासारखं उजवीकडे वळलेलं. अंबाडा तोच, त्यात खोचलेली पेन्सिलही तीच. हातात झाडू. तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिलं होतं, “माझ्या दोरीवर ही ओली झूल कुणी वाळत घातली?” आणि समोर खाली मान घालून एक तरणाबांड माणूस उभा होता.

“हा कोण?” मावशीनं विचारलं.

“हा? हा तुफानवीर!” भिंगकाका भक्तिभावानं म्हणाले. “दिवसा साधा कारकून, संकट आलं की पाठीवर केप लावून उडतो. लहानपणी आम्ही वेडे होतो याच्यापायी. आणि ही त्याची घरमालकीण. हिला शेवटपर्यंत कळत नाही, आपला भाडेकरू कोण आहे ते.”

मावशीला मात्र क्षणात कळलं. ती शाळेत असताना वरच्या मागच्या खोलीत एक किडकिडीत भाडेकरू राहायचा. त्याच्या बोटांना कायम शाई असायची. टेबलावर मोठमोठे जाड कागद असायचे आणि कुणी आत आलं की तो ते उलटे करून ठेवायचा. का उलटे करायचा, ते इतक्या वर्षांनी उलगडलं. तो वारल्याचं भिंगकाकांकडून कळलं. त्याच्या घरच्यांनी माळ्यावरचे गठ्ठे काढून थोडी थोडी पानं लिलावात विकायला सुरुवात केली होती.

मावशीला घाम फुटला. आजीनं हे पाहिलं असतं, तर तो माणूस वारला आहे म्हणून तिनं त्याला सोडलं असतं अशातला भाग नव्हता. “हे पान विकत घेता येतं?” मावशीनं विचारलं.

भिंगकाकांनी हात झटकला. “घ्यायचंच तर चांगलं घ्या हो. हे कोण घेतंय?” मग त्यांनी तिला भावाचं शास्त्र समजावलं. छापलेलं कॉमिक वेगळं आणि त्यासाठी चित्रकारानं हातानं काढलेलं मूळ पान वेगळं. मूळ पान जगात एकच असतं. त्यावर शाई असते, चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग फासलेला असतो, कडेला संपादकाची निळ्या पेन्सिलीतली कुरकुर असते. पण सगळ्या पानांना सारखा भाव नाही. मुखपृष्ठ सगळ्यात महाग. नायक पहिल्यांदा दिसतो ते पान महाग. तो पोशाखात असेल तर महाग, उडत असेल तर आणखी, उडता उडता कुणाला ठोसा मारत असेल तर विचारूच नका. “आणि साध्या कपड्यात घरमालकिणीची बोलणी खात असेल,” भिंगकाका म्हणाले, “तर रद्दीपेक्षा दोन पैसे बरा.”

मावशीनं एका बऱ्यापैकी फ्रेमच्या किमतीत ते पान घेतलं, खोक्यात घातलं आणि डोळे तपासायच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्यामागच्या कपाटात कोंबलं. प्रकरण मिटलं, असं तिला वाटलं.

पण पुढच्या लिलावात आजी पुन्हा होती. या वेळी ती तुफानवीराला पायपुसण्यावर उभं करून त्याच्या बुटांचे तळ तपासत होती. नंतरच्या लिलावात ती छतावर चढून ओरडत होती, “रात्री कौलांवर कोण उतरतं?” मावशी एकेक पान घेत गेली. सुरुवातीला आईची अब्रू झाकायला म्हणून. पण मला वाटतं, तिसऱ्या-चौथ्या पानापासून गोष्ट बदलली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दार लावून घ्यायची आणि पानं पसरून भिंगातून रेघा न्याहाळत बसायची. एकदा मी अचानक आत शिरले तर ही एकटीच खदखदून हसत होती. मग तिनं मला सगळं सांगितलं, आणि कुणाला बोलणार नाही असं वचन घेतलं.

त्यानंतर भाव चढायला लागले.

आधी फ्रेमच्या किमतीत मिळणारं पान दहा फ्रेमच्या किमतीवर गेलं. कॅटलॉगात ठळक अक्षरांत छापून यायला लागलं, ‘या पानावर झाडूवाली आहे’. झाडूवाली नसलेली, तुफानवीर मस्त उडतोय अशी पानं स्वस्तात पडून राहायला लागली. मावशी हैराण झाली. पुढच्या खेपेला भिंगकाका आले ते इकडेतिकडे बघतच.

“काहीतरी शिजतंय,” ते हळूच म्हणाले. “कुणीतरी एक माणूस गुपचूप झाडूवालीची सगळी पानं उचलतोय. नाव बाहेर येत नाही, फक्त बोलीचा नंबर. लोक म्हणतात, सिनेमा येतोय आणि त्यात झाडूवालीच खरी खलनायिका आहे. एकानं तर मोठा लेख लिहिलाय. म्हणे झाडूची दिशा बघा, जिकडे झाडूचं टोक तिकडून पुढचं संकट येतं! या माणसाला आतली खबर असणार. मी पण दोन पानं घेऊन ठेवलीत.”

“कोणता नंबर?” मावशीनं विचारलं.

भिंगकाकांनी नंबर सांगितला. मावशी स्टुलावर बसली.

“अहो, तो माझा नंबर आहे.”

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “तुमचा? मग सिनेमा कधी येतोय?”

“कसला सिनेमा! ती माझी आई आहे.”

तेवढ्यात वरून आजीचा आवाज आला, “ही बादली इथे कुणी ठेवली?” काकांनी छताकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “आवाज कसा असेल याचा मी लहानपणी फार विचार करायचो.”

“म्हणजे भाव मीच चढवला?” मावशी म्हणाली.

“तुम्ही एकट्यानं नाही हो. एकाच्या हट्टानं भाव चढत नाही, दुसरा लागतो. पहिल्याला काय माहीत आहे या भीतीनं दुसरा घेतो, आणि दुसरा घेतोय म्हणून तिसरा.” मग थोडं ओशाळून ते म्हणाले, “दुसरा बहुतेक मीच.”

इथे मावशीनं थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात मुखपृष्ठ विक्रीला आलं. झाडूवाली असलेलं एकुलतं एक मुखपृष्ठ. तुफानवीर जीव खाऊन आकाशात उडतोय आणि खिडकीतून अर्धी बाहेर आलेली आजी झाडूनं त्याच्या केपचं टोक पकडून त्याला मागे खेचते आहे. हे हवंच, असं मावशीनं ठरवलं. डोळे तपासायच्या नव्या मशिनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिनं बाहेर काढली. आणि या वेळी फोनवरून नाही, स्वतः जाऊन बोली लावायची ठरवली.

आजीला तिनं सांगितलं, “चष्म्याच्या फ्रेमचं प्रदर्शन आहे.”

“मग मीही येते,” आजी म्हणाली. “माझी फ्रेम बदलायची म्हणून तू किती दिवस नुसती ऐकवते आहेस.”

मावशीनं पाय दुखतील, गर्दी असेल, चहा मिळणार नाही, सगळं सांगून पाहिलं. आजी अंबाड्यात पेन्सिल खोचून दारात जाऊन उभी राहिली. शेवटी मी, मावशी आणि आजी अशी आमची वरात निघाली.

लिलावाचा हॉल प्रशस्त होता. मऊ खुर्च्या, हळू आवाजात बोलणारी माणसं, भिंतीवर फ्रेम केलेली पानं. आम्ही आत शिरलो आणि आधी एकानं मान वळवली, मग दुसऱ्यानं. हॉलमधली कुजबुज कुणी बटण दाबल्यासारखी बंद झाली. सगळे आजीकडे बघत होते. एक गृहस्थ तर उठूनच उभे राहिले.

“काय झालं यांना?” आजी म्हणाली. “आणि इथे चष्मे कुठे आहेत?”

मावशी उत्तर देणार, तोवर आजीची नजर समोरच्या भिंतीवर गेली. मुखपृष्ठ तिथे मधोमध टांगलेलं होतं. आजी जवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला, नाक कागदाला टेकेल इतकी वाकली.

“हा तर मागच्या खोलीतला!” आजी म्हणाली. “मेल्यानं नाक वाकडं काढलंय.”

“आई, नाक तसंच आहे,” मावशी म्हणाली. नाकाच्या बाबतीत ती खोटं बोलू शकत नाही.

एवढ्यात लिलाव पुकारणारा व्यासपीठावर आला, म्हणून आम्ही पटकन बसून घेतलं. मुखपृष्ठाची पाळी आली. त्यानं पहिली किंमत सांगितली आणि आजी खुर्चीतून उठली.

“केवढ्याला? या कागदाला? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?”

हॉलभर आनंदाची एक लाट गेली. बोलीच्या नंबराच्या चार पाट्या एकदम वर झाल्या. तेच नाक, तोच आवेश! ज्या लोकांनी आयुष्यभर हा फुगा नुसता वाचला होता, त्यांना तो प्रत्यक्ष ऐकायला मिळत होता. किंमत दुप्पट झाली.

“अरे, घरी विचारून आलात का?” आजी कडाडली. आणखी पाट्या वर. “तुम्ही, मागच्या रांगेतले, टक्कलवाले! खाली करा ती पाटी!” टक्कलवाल्यानं कृतार्थ चेहऱ्यानं पाटी आणखी उंच धरली. पुकारणारा हुशार होता. बोली थंडावली की तो आजीकडे आदरानं बघून नुसता थांबायचा.

“आई, गप्प बस ना गं,” मावशी काकुळतीला येऊन म्हणाली. “मला घ्यायचंय ते!”

“तुला?” आजी तिच्याकडे वळली. “तू हे घेणार? खबरदार!”

या ‘खबरदार’वर तर भाव असा काही उडाला की मावशीनं पाटी मांडीवर ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. मुखपृष्ठ फोनवरच्या कुणा अनोळखी माणसाकडे गेलं. टाळ्या वाजल्या. लोक आजीभोवती जमले. एकानं सही मागितली. “मी काढलंय का ते?” आजी म्हणाली, आणि त्यानं तेवढंच वाक्य कागदावर लिहून घेतलं.

घरी आल्यावर मावशीला कपाट उघडावंच लागलं. आजी डोळे तपासायच्या खुर्चीत बसली, वरचा दिवा लावून घेतला आणि एकेक पान मागू लागली. प्रत्येक फुगा बोट ठेवून वाचत होती. मावशीचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. सगळ्यांत शेवटी एक असं पान होतं, ज्यात आजीच्या तोंडून फुगाच निघत नव्हता. तुफानवीर लढून येऊन झोपला आहे, खुर्चीवर फाटकी केप पडली आहे, आणि घरमालकीण ती पडदा समजून शिवत बसली आहे. मावशीला हे पान तितकंसं आवडलं नव्हतं, आई त्यात आईसारखी दिसत नाही म्हणून.

आजी त्या पानावर बराच वेळ थांबली. “एक शर्ट होता त्याचा,” ती म्हणाली. “कोपरावर विरलेला. तो झोपला असताना नेऊन शिवला आणि परत टांगून ठेवला. मला वाटलं, त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.” मग नाक ओढून म्हणाली, “बरं काढायचा पोरगा. हे वर घेऊन चल.” ते पान आता तिच्या पलंगासमोर आहे.

पुढे मावशीनं हा चढा भाव परवडेना म्हणून खरेदी थांबवली, आणि तिचा नंबर दिसेना म्हटल्यावर बाजार घाबरला. सिनेमा आलाच नाही. लेख लिहिणाऱ्यानं दुसरा लेख लिहिला, की झाडूला काहीच अर्थ नव्हता. सगळ्यांनी झाडूवाली विकायला काढली आणि भाव गडगडला. मग मावशीनं भिंगकाकांच्या नावावर, हळूहळू, गाजावाजा न करता, उरलेली पानं घेऊन टाकली. काका चिडले, कारण त्यांची ती दोन पानंही तिनं त्यांच्याकडून त्याच पडत्या भावात घेतली. वर त्यांना नवी फ्रेम फुकट दिली.

आणि मागच्या आठवड्यात लिलाववाल्यांचा फोन आला. पुढच्या विक्रीत कुठल्याशा यंत्रमानवाची पानं आहेत, तर आजी पहिल्या रांगेत येऊन बसतील का? गाडी पाठवू, चहाही असेल.

“मी करायचं काय तिथे?” आजीनं विचारलं.

“काही नाही, आजी. नुसतं बसायचं. वाटलं तर बोलायचं.”

आजीनं फोन ठेवला आणि साडीला इस्त्री करायला घेतली. यंत्रमानव म्हणजे काय, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.