तिसरा दाणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे कुणी हसलं की माझा तोल जातो आणि गोष्ट राहते बाजूला. इतकी वर्षं झाली, पण तो दिवस आठवला की अजून मला दरदरून घाम फुटतो.

स्वातंत्र्य मिळून पुरतं वर्षही झालं नव्हतं. मी नगरपासून चार कोसांवरच्या एका गावात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. गावात पार्ट्या दोन. एक थोरल्या पाटलांची, दुसरी धाकट्या पाटलांची. दोघं चुलतभाऊ. उडदामाजी काळे गोरे, निवडणारा निवडणार काय? थोरला पंचायतीवर आला की विहीर त्याच्या आळीत खणायला घ्यायचा. धाकटा आला की ते काम बंद, विहीर त्याच्या आळीत. गावात असे दोन अर्धवट खड्डे होते, आणि त्यांत पाण्याऐवजी शेळ्या सापडायच्या.

आमची चर्चची आळी गावाच्या टोकाला. आमच्या बायका उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. एका दुपारी आठवा महिना लागलेली माझी बायको डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना मी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं.

तसाच चावडीवर गेलो. म्हणालो, "बाजारात दोनच बैल आले आणि दोन्ही अडेल निघाले, तर त्यांतलाच एक घ्यायचा का? यंदा मी तिसरा उभा राहतो. विहीर गावाच्या मधोमध होईल."

चावडीतले सगळे दोन्ही पाटलांच्या तोंडाकडं बघत एकेक करून उठून गेले. मग दुसऱ्या दिवसापासून एकेक जण शाळेमागे येऊन माझ्या कानाला लागला. भिका कुंभार म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं हाय. पन हात कसा वर करायचा? थोरल्याला केला तर धाकटा बघतो. तुमाला केला तर दोगंबी बघत्यात."

कारण आमच्याकडे मतदान हात वर करून. मग मी डोकं लढवलं. (इथंच चुकलो, पण पुढं ऐका.) निवडणूक घ्यायला कचेरीतून कारकून यायचा, त्याला मी पटवलं. प्रत्येकाला तीन दाणे द्यायचे. ज्वारी म्हणजे थोरले पाटील, बाजरी म्हणजे धाकटे पाटील, शेंगदाणा म्हणजे मी. घोंगडीच्या पडद्याआड जायचं, पाहिजे तो एक दाणा मडक्यात टाकायचा. उरलेले दोन ज्याचे त्याला. कुणाचं मत कुणाला, ब्रह्मदेवालाही कळू नये.

शेंगदाणा का? म्हाताऱ्यांच्या बोटांना नीट लागावा म्हणून. कच्च्या दाण्याला भुंगा लागतो, आणि माझ्या पक्षाला भुंगा लागलेला मला चालणार नव्हता. म्हणून बायकोला दाणे भाजायला लावले. मिठाच्या पाण्याचा हबका मारून, चांगले खरपूस.

ती म्हणाली, "अहो, मतं आहेत का फराळ?"

मी म्हणालो, "तुला राजकारण कळत नाही."

मतदानाला ही रांग लागली. सकाळची न्याहारी टाकून आलेली माणसं. कारकुनानं वेळ वाचवायला सगळ्यांच्या हातावर आधीच तीन-तीन दाणे ठेवले. घोंगडीआड मात्र एकेकालाच सोडत होता. ऊन डोक्यावर आलं तरी निम्मी रांग बाकी होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी मत देऊन चावडीच्या ओसरीला येऊन उभा.

पण बाहेर येणारा जो तो माझ्याकडं बघून डोळा मिचकावत होता. "मास्तर, तुमचंच." दुसरा ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "जल्मात असं मत दिलं न्हवतं." भिका तर माझा हात दाबून गेला. चाळिसांपर्यंत मोजलं आणि पुढं मोजणंच सोडलं. शाळेतला खडू घेतला आणि गावाच्या मधोमध विहिरीचं रिंगणसुद्धा आखून आलो.

संध्याकाळी कारकुनानं मडकं सुपात उपडं केलं. ज्वारी पडली. बाजरी पडली. आणि शेंगदाणा पडला एक.

मी मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. मडकं हलवलं, आपटलं. "चोरी झाली," मी ओरडलो, "माझी मतं चोरली!"

भिका गोंधळून म्हणाला, "चोरतंय कोन, मास्तर? आमी खाल्ले की."

"खाल्ले?"

"तुमालाच मत द्यायचं हुतं ना? मडक्यात एक टाकायलाच लागतो, म्हनून हाताला आला त्यो टाकला. तुमचा मातुर पोटात घातला. आता खाल्ल्या मिठाला जागनार आमी."

सगळी रांग मान डोलवत होती. दोन्ही पाटील जन्मात पहिल्यांदा एकत्र हसले. बाजरी जास्त भरली, धाकटे पाटील निवडून आले. मला डोळ्यांसमोर फक्त तो चढ आणि डोक्यावरचा हंडा दिसत होता. घरी कोणतं तोंड दाखवायचं?

कारकुनाला माझी दया आली. शेंगदाणा चिमटीत धरून म्हणाला, "निदान स्वतःला तरी दिलंत, मास्तर."

मी मान ताठ केली. "द्यायलाच पाहिजे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तेवढ्यात आमच्या आळीतले शांतवान आजोबा काठी टेकत पुढं आले. "त्यो दाना माजा हाय."

"तुमचा?"

"व्हय. वास लई झ्याक येत हुता. पन खानार कशानं?" असं म्हणून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत एक दात नव्हता. "आन तुमचा कुटं हाय, मास्तर?"

मी घाईनं कोटाच्या खिशात हात घातला. ज्वारीचा एक दाणा निघाला. म्हणजे बाजरी मडक्यात गेली होती.

आणि शेंगदाणा? माझे तेव्हा बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते.