सुमन जिवंत आहे, हे आधी कोणी सांगितलं?

पॅसेंजर जीप हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव सोडून सेनगावच्या रस्त्याला लागली, तरी आत कोणी बोलेना. कोणी बाहेर बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये. मला बसवेना. मागच्या बाजाराच्या दिवशी याच जीपमध्ये एवढा गलका झाला होता की ड्रायव्हर बाबारावांनी गाडी कडेला घेऊन सगळ्यांना दम भरला होता. आणि तो गलका आमच्या सिनेमावरून होता.

मी सिनेमाच्या पब्लिसिटीचं काम करते. ऑफिस मुंबईत, पण माझ्याकडे मराठवाडा आणि विदर्भ. पोस्टर लागलं का, थिएटरवाला ट्रेलर दाखवतो का, कलाकार आले तर त्यांना कुठे न्यायचं, हे सगळं मी बघते. त्यातलं मुख्य काम म्हणजे लोक काय बोलतात ते ऐकून वर कळवायचं. त्यासाठी ऑफिस गाडी देतं. पण गाडीत एकटीला बसून काय ऐकू येणार? म्हणून मी जीपने फिरते. मी हिंगोलीचीच आहे, मला त्याची सवय आहे.

सिनेमाचं नाव सांगत नाही. दोन भागांचा होता. पहिल्या भागात सुमन नावाची मुलगी घरातून नाहीशी होते. शेवटच्या दृश्यात विहिरीच्या काठावर तिच्या चपला दिसतात, आणि सिनेमा संपतो. बरंचसं शूटिंग गोरेगावच्या आसपास झालेलं. बाजाराच्या दृश्यात इथलेच लोक उभे होते. त्यामुळे सुमन इथे सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. दुसरा भाग यायला वेळ लागला आणि तेवढा सगळा वेळ लोक एकाच प्रश्नावर भांडत होते. सुमन मेली की जिवंत आहे?

एक गट म्हणायचा, चपला नीट जोडून ठेवल्या आहेत, जीव द्यायला निघालेलं माणूस एवढं नीट ठेवत नाही. दुसरा गट म्हणायचा, तिच्या मामाने ढकललं आणि चपला नंतर आणून ठेवल्या. कोणी शूटिंगच्या वेळी आपण हजर होतो म्हणून शपथा घ्यायचं. आमच्या धंद्यात याला पैसे मोजूनही मिळत नाही अशी पब्लिसिटी म्हणतात.

आणि मग आम्हीच प्रोमो सोडला.

प्रोमो म्हणजे ट्रेलरहून छोटा तुकडा, मोबाइलवर पटकन बघून होईल असा. त्यात सुमन एका मोठ्या शहरात बसमधून उतरते आणि वळून बघते. चेहरा स्पष्ट, हसरा. आमचे मार्केटिंग हेड निखिल सर. त्यांनी तो कॉलवर दाखवला तेव्हा मी म्हणाले होते, "सर, लोक याच प्रश्नावर तर थांबलेत."

"प्रज्ञा, मुलगी मेली असं वाटलं तर फॅमिली ऑडियन्स येत नाही. हसरा चेहरा दाखवावाच लागतो. तू जिल्हा बघ, प्रोमो मी बघतो."

प्रोमो तुफान चालला. व्ह्यूज, शेअर, सगळं वर. ऑफिसमध्ये केक कापल्याचा फोटो ग्रुपवर आला. मात्र हिंगोलीच्या थिएटरवाल्याचा मला फोन आला. "मॅडम, लोक पोस्टरखाली उभं राहून वाद घालायचे. आता कोणी थांबून पण नाही राहिलं. काय झालं?" तेच बघायला मी आले होते.

शेवटी मीच विचारलं, "काय बाबाराव, आज एवढी शांतता?"

"बोलायचं काय ताई? समदं तर तुमीच सांगून टाकलं."

माझ्या शेजारी खताच्या दुकानात काम करणारा गणेश बसला होता. जिवंत गटाचा पुढारी. तो म्हणाला, "ताई, जिंकलो मीच. पण मजा न्हाई आली. समोरच्यानं हार मानायच्या आधी तुमीच मधात पडले."

"पण सिनेमा तर यायचाय अजून. बघणार ना?"

"बघू की," बाबाराव म्हणाले. "जाऊ सवडीनं."

सवडीनं. हा शब्द आमच्या धंद्यात चालत नाही. सिनेमाचं नशीब पहिल्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी ठरतं. तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर सोमवारी थिएटरवाला शो कमी करतो, आणि सवडीने येणाऱ्याला सिनेमाच सापडत नाही.

सेनगावला उतरले आणि निखिल सरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोपं आहे. एक मेसेज फिरव. लिही, प्रोमोमधलं दृश्य सुमनच्या आईचं स्वप्न आहे. खरं काय ते थिएटरमध्ये. लोक पुन्हा भांडायला लागतील."

"पण ते स्वप्न नाहीये, सर."

"माहितीये मला."

"मग लोक थिएटरमध्ये येऊन मला काय म्हणतील?"

"तिकीट काढून म्हणतील ना? आज संध्याकाळच्या आत टाक. संध्याकाळी दुसरा प्रोमो जातोय."

"त्यात तर सुमन बोलते. घर का सोडलं ते सांगते."

"नुसता आवाज आहे. आवाज मेलेल्या माणसाचाही असतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा सांगितला आणि मेसेज टाइप केला. पाठवला नाही. पुसला, परत टाइप केला. जिल्ह्यातल्या प्रेक्षकांचे सगळे ग्रुप माझ्याच नंबरवरून चालतात. लोक माझ्या मेसेजला खरं मानतात, म्हणूनच सर माझ्याकडून टाकून घेत होते. चहा आला, निवला, मी तशीच बसून. उठावं, चालावं, काहीतरी करावं असं वाटत होतं आणि करायचं काय ते कळत नव्हतं.

जीपमध्ये मागे बसलेली एक बाई समोर येऊन बसली. द्वारकाबाई. गोरेगावात त्यांची पिठाची गिरणी आहे. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून नवा घ्यायला आल्या होत्या.

"ताई, तुमी त्या सुमनवाल्या ना?"

"हो मावशी."

"एक इचारू? ती पोरगी जित्ती हाय हे खरं हाय का? का तुमी लोकं नुसतं फसवून राहिले?"

माझा अंगठा मोबाइलवर होता. मेसेज समोर टाइप केलेला. मी फोन उलटा ठेवला.

"खरं आहे मावशी. जिवंत आहे ती."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग बरं. पयला पिच्चर पाहून मला जेवन ग्वाड लागंना. त्या चपला डोळ्यापुढून जाईनात. दुसरा पाहायचाच न्हाई म्हणून बसले व्हते. आता येते."

ज्या प्रोमोने अख्खी जीप गप्प केली, त्याच प्रोमोने या बाईला थिएटरपर्यंत आणलं होतं. निखिल सर अगदीच चुकले नव्हते, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

द्वारकाबाई बशीत चहा ओतता ओतता थांबल्या. "पण मंग जित्ती हाय तर घरी काहून आली न्हाई? मायला एक फोन बी काहून केला न्हाई?"

शेजारच्या बाकावर गणेश बसला होता. त्याने मान वळवली. "मामाच्या भीतीनं, मावशी."

"मामाला तर पयल्याच भागात पोलिसानं नेलं," बाबाराव दारातून म्हणाले. ते पॅसेंजरची वाट बघत उभे होते. "बापामुळं न्हाई आली. बाप कसा पाहत व्हता तिच्याकडं, ध्यान दिलं न्हाई का तू?"

"बापानं काय केलं बिचाऱ्यानं? शेवटी रडला कोण, बापच ना?"

"रडणं आन् वागणं बराबर असतंय व्हय?"

एका मिनिटात चारजण बोलायला लागले. हॉटेलवाला गल्ला सोडून बाहेर आला आणि त्यानेही मत दिलं. मागच्या बाजाराचा गलका परत आला होता. मी काहीच केलं नव्हतं.

द्वारकाबाई मात्र त्या गलक्यात नव्हत्या. मग माझ्याकडे सरकून हळू आवाजात म्हणाल्या, "माही पोरगी बी पुण्यात हाय. तिच्या पसंतीनं लगीन केलं. आमी न्हाई म्हणलो न्हाई, तरी येत न्हाई. फोन केला तर दोन शब्द बोलती आन् ठेवती. कारन काय ते सांगत न्हाई." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "म्हणून इचारलं. ती सुमन सांगंल का पिच्चरमधी?"

तेव्हा मला संध्याकाळ आठवली. सुमन सांगणार होती. पण पिच्चरमध्ये नाही, आज, मोबाइलवर, दोन जाहिरातींच्या मधे.

मी मेसेज पुसला आणि बाहेर येऊन निखिल सरांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज आला. डिजिटल टीमच्या मुलीला लावला. ती म्हणाली, "मॅम, प्रोमो शेड्यूल झालाय. सरांच्या ओकेशिवाय मी काढू शकत नाही." शेड्यूल म्हणजे वेळ लावून ठेवलेला. वेळ झाली की तो आपोआप सगळीकडे जातो, मग कोणी बटण दाबायची गरज नसते.

दिग्दर्शक अनिरुद्ध सर साउंडचं शेवटचं काम करत होते. त्यांचा फोन बंद. मी येरझाऱ्या घालायला लागले. मला बघून बाबारावांनी विचारलं, "काही तकलीफ हाय का ताई? हिंगोलीला सोडू का?" मी नुसती मान हलवली आणि जीपमध्ये बसले. मग आठवलं, त्या स्टुडिओतला साउंडवाला माझ्या आधीच्या एका सिनेमावर होता. त्याचा नंबर शोधला. रस्त्यात रेंज येत होती, जात होती. दोनदा कॉल कट झाला. तिसऱ्यांदा त्याने फोन अनिरुद्ध सरांच्या हातात दिला.

"काय झालं प्रज्ञा?"

"सर, सुमनचं ते बोलणं आज प्रोमोत जातंय."

"कुठलं बोलणं?"

"घर का सोडलं ते."

"मला कोणी विचारलं नाही. ते वाक्य येईपर्यंत मी लोकांना दीड तास आईजवळ बसवलंय. ते सुटं ऐकलं तर पोरगी नुसती उद्धट वाटेल." त्यांनी फोन ठेवला. ते प्रोड्यूसरला फोन करणार की नुसतेच चिडणार, काही कळेना.

हिंगोलीला घरी पोचले. आईने जेवायला वाढलं, मी ताटावरून तीनदा उठले. मोबाइल उघडायचा, पेज खाली ओढायचं, बघायचं, परत ओढायचं. अंधार पडला. प्रोमो आला नाही. आला तो निखिल सरांचा फोन.

"प्रोमो थांबवावा लागला. डिरेक्टरला फोन कोणाला विचारून केलास?"

"कोणालाच नाही, सर. तुम्हाला लावत होते."

"आणि मेसेज?"

"टाकला नाही. टाकणार पण नाही. लोकांनी नवा प्रश्न त्यांचा त्यांनीच शोधलाय. सुमन घरी का आली नाही. आपण फक्त उत्तर देऊ नये, एवढंच म्हणते."

"शुक्रवारी हॉल रिकामा राहिला तर जबाबदारी तुझी."

"चालेल."

चालणार नव्हतं. पण दुसरं काय म्हणणार?

हिंगोलीच्या थिएटरबाहेर मी एकच बोर्ड लावला. सुमन घरी का आली नाही? खाली फोटो नाही, काही नाही. शुक्रवारचा पहिला शो अर्धा भरला. पहिल्या भागाला झाली होती तशी झुंबड नव्हती, हे लपवून उपयोग नाही. शनिवारी बायका यायला लागल्या. रविवारी दुपारी बाल्कनी भरली. बाकीच्या जिल्ह्यांत सिनेमा बरा चालला, त्याहून जास्त नाही.

द्वारकाबाई रविवारी आल्या, शेजारणींना घेऊन. मी मागे उभी राहून पडद्याऐवजी खुर्च्यांकडे बघत होते. आमच्या धंद्यात तीच सवय लागते. सुमन कारण सांगते ते दृश्य आलं. कारण काय ते इथे लिहीत नाही, काही गावांत सिनेमा अजून लागायचा आहे. हॉलमध्ये मोबाइलचा एकही उजेड नव्हता. द्वारकाबाई पुढच्या खुर्चीचा दांडा धरून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर त्या माझ्याजवळ थांबल्या. "पोरगी नुसती तेवढंच बोलली असती ना, तर मी तिलाच शिव्या घातल्या असत्या," म्हणाल्या. "आधी मायचं समदं पाह्यलं, म्हणून समजलं." मग शेजारणीने हाक मारली आणि त्या जीप गाठायला गेल्या. पुण्याला फोन केला का, हे मी कधी विचारलं नाही. तो पब्लिसिटीचा विषय नव्हता.

नंतर मुंबईत मीटिंग झाली. निखिल सरांनी पडद्यावर दाखवलं की पहिल्या प्रोमोलाच सगळ्यात जास्त व्ह्यूज होते. खरं होतं. मी सांगितलं की ज्यांना सुमन जिवंत आहे हे माहीत होतं, त्यांनीही हॉलमध्ये शिट्ट्या मारल्या आणि डोळे पुसले. सिनेमा बघताना त्यांचं फार काही बिघडलं नाही. बिघडलं ते सिनेमा यायच्या आधी. त्या दिवसांत लोक भांडतात, अंदाज बांधतात, एकमेकांना खोटं पाडतात. त्यांची मजा तीच आणि आमची पब्लिसिटीही तीच. आम्ही ती आमच्या हाताने बंद केली होती.

सर म्हणाले, "पॉइंट नोट केलाय."

आता प्रत्येक प्रोमो आधी दिग्दर्शकाला दाखवायचा, असा नियम ऑफिसने केला आहे. त्या मेलमध्ये माझं नाव नव्हतं. पुढच्या सिनेमाला माझ्याकडून विदर्भ काढून घेतला. प्रोमो मंजुरीला आला की मी अजूनही एकच विचारते: हे बघितल्यावर लोकांकडे बोलायला काय उरेल? बहुतेक वेळा कॉलवर लगेच पुढचा विषय सुरू होतो.