उजव्या हाताचा क्लच

चितेगावात बद्रीनाथ मोकासेंचं घर विचारलं की लोक गल्ली सांगत नाहीत. "पत्र्याखाली बुटके ट्रॅक्टर दिसतील, तिथं थांबा," म्हणतात. ट्रॅक्टर खरोखरच बुटके. माणूस शेजारी उभा राहिला तर स्टिअरिंग त्याच्या कमरेला लागतं. पूर्वी मोसंबी-पेरूच्या बागांसाठी असले ट्रॅक्टर घ्यायचे. फांद्यांखालून निघून जायचे, फळाला धक्का नाही. पुढं मोठे ट्रॅक्टर भाड्यानं मिळू लागले आणि हे बुटके कुणाच्या गोठ्यामागं, कुणाच्या भंगारात जाऊन पडले. त्यांना तिथून उचलून आणायचं, खोलायचं आणि पुन्हा चालतं करायचं, हा बद्रीनाथांचा निवृत्तीनंतरचा नाद.

त्यांची सगळी उमर पैठण रोडवरच्या एका कंपनीत फिटरकीत गेली. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते घरातल्या नळांच्या मागं लागले होते. मग एकदा कन्नडला नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेले. परत येताना एसटीला वेळ होता म्हणून रशीदभाईंच्या भंगाराच्या दुकानासमोर उभे राहिले. आत उसाच्या गाडीच्या मोडक्या चाकांखाली एक लाल बॉनेट दिसलं.

"ये क्या है, रशीदभाई?"

"बागवाला ट्रॅक्टर है. इंजिन जाम. काटने को निकाला था."

"काटू नका," बद्रीनाथ म्हणून गेले. का म्हणालो, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी टेम्पो करून ते धूड त्यांनी घरी आणलं.

पदराला हात पुसत आशाबाई बाहेर आल्या. टेम्पोतून उतरणाऱ्या त्या लाल लोखंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "पुढं उभं करू नका. तुळशीला ऊन येत नाय." आणि आत गेल्या. बायको रागावली, असं बद्रीनाथ समजले.

इंजिन सुटायला तो उन्हाळा लागला. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल ओतून ठेवायचं, रोज सकाळी चहा झाला की पिस्टनवर लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातानं ठोकायचं. रॉकेल मिळवायलाही वणवण. रेशनवर मिळायचं ते दिवस गेले. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल शहरात जुन्या मोंढ्याच्या बाजाराजवळ एका म्हाताऱ्या कारागिराकडून भरून आणली. गॅस्केट शीटवर ठोकून घरीच कापलं. पुढची टायरं मिळेनात, तेव्हा रिक्षाची बसवली. एका सकाळी पुलीला दोरी गुंडाळून ओढली आणि ट्रॅक्टर खोकला. पुन्हा ओढली. निळा धूर निघाला, शेजारच्या कोंबड्या पळाल्या आणि इंजिन पकपक करत चालू झालं.

हात पुसायला चिंधी आणावी म्हणून बद्रीनाथ आत वळले, तेवढ्यात मागं गिअर पडल्याचा आवाज आला. बघतात तो आशाबाई सीटवर. साडीचा काठ खोचलेला, डावा पाय क्लचवर. त्यांनी क्लच असा अलगद सोडला की ट्रॅक्टरला हिसकाही बसला नाही. पुढच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या, लिंबाला वळसा घातला आणि ट्रॅक्टर आणून परत पत्र्याखाली उभा केला.

"तुला येतंय हे?"

"पिशोरला आमच्या बागंत असलाच होता. दादाची, म्हंजे माझ्या बापाची, कंबर धरलेली, भाऊ कन्नडला शाळंत. मग चालवायचं कुणी?"

"अगं, पण कधी बोलली नाहीस!"

"सासरी सांगू नको, म्हणाली आई. लोक हसतील म्हणाली. नाय सांगितलं." आशाबाई खाली उतरल्या, साडी सारखी केली. "नंतर सांगायचं राहूनच गेलं."

बद्रीनाथ दिवसभर कामाला हात लावू शकले नाहीत. इतक्या वर्षांचा संसार, लेक मोनिकाचं लग्न, घर बांधलं, आणि या बाईला ट्रॅक्टर येतो हे आज कळावं!

तिथून पुढची वर्षं दोघांची लई मजेत गेली. कुठं बुटका ट्रॅक्टर पडलाय असं कानावर आलं की दोघं भाड्याच्या जीपमधून निघायचे. रस्ताभर आशाबाईंचं बोलणं चालायचं. इतक्या वर्षांत न निघालेल्या गोष्टी आता एकेक निघायच्या. मोसंबी फुलली की घरातल्या पाण्याच्या माठालासुद्धा कसा वास लागायचा. दादा पहिली मोसंबी कुणालाच देत नसत, आधी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवत. झाडांना आळी करताना ओल्या मातीत चाक रुतलं तर खाली पाचट कसं घालायचं. एकदा दोघं पिशोरला त्या रानातही जाऊन आले. बाग केव्हाच गेली होती. तिथं अद्रक आणि मका उभा होता. आशाबाई बांधावर उभ्या राहून हातानं दाखवत होत्या, "ही पहिली ओळ. हितं विहिरीकडचं झाड, लई गोड." बद्रीनाथ त्या बोटाच्या दिशेनं बघायचे आणि मक्यात त्यांना खरोखर झाडं दिसू लागायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आशाबाईंच्या हातातला कप सुटला. त्यांना खाली वाकायचं होतं, पण अंगच वळेना. दवाखान्यात नेलं. डावी बाजू गेली होती. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, काठी घेऊन घरातल्या घरात चालणंही जमू लागलं. पण डाव्या पायात जोर नव्हता आणि डाव्या हाताची मूठ वळत नव्हती.

घरी आल्यापासून त्या पत्र्याकडं पाठ करून बसायच्या. एकदा बद्रीनाथांनी लाल ट्रॅक्टर चालू केला, तर आतून आवाज आला, "बंद करा ते! डोकं उठतंय माझं."

त्यांनी बंद केला. सगळ्या ट्रॅक्टरांवर ताडपत्री ओढली. पुढं कितीतरी दिवस त्या अंगणात फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला.

मग एका संध्याकाळी जेवताना आशाबाईंनी घास हातातच धरून विचारलं, "अहो, क्लच डाव्या पायालाच का देतात?"

"तशीच पद्धत आहे."

"उजवीकडं दिला असता तर काय बिघडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथांनी ताडपत्री काढली.

क्लचच्या पायट्याला, म्हणजे पेडलला, सळई जोडून तिचा दांडा उजव्या हाताशी आणायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिला दांडा आखूड झाला, आशाबाईंना ओढवेना. दुसरा लांब केला. तो ओढला गेला, पण सोडताना हातातून निसटला. ट्रॅक्टरनं उडी घेतली आणि आशाबाई स्टिअरिंगवर आपटल्या. हनुवटी खरचटली.

नेमका त्याच दिवशी पुण्याहून मोनिकाचा व्हिडिओ कॉल आला आणि आईची हनुवटी बघून तिनं सगळं काढून घेतलं.

"पप्पा, तुम्हाला कळतं का काही? आईला पाडायचंय का?"

बद्रीनाथांची मान खाली गेली. फोन ठेवल्यावर त्यांनी दांडा सोडवून कोपऱ्यात टाकला. आशाबाई खुर्चीतून बघत होत्या.

"का काढला?"

"पोरगी बरोबर बोलतीय."

"तिनं मला विचारलं का? तुम्ही तरी विचारलं का?" त्यांचा आवाज चढला. "न्हाऊ घालता, साडी नेसवता, उचलून बसवता. सगळं करता. पण मला काय पायजे ते इचारीत नाय कुणी."

बद्रीनाथ त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. "बरं. काय पायजे?"

"दांडा ओढला की तिथंच अडकून राहिला पायजे. म्हंजे त्याच हातानं गिअर टाकीन. मग हळूच सोडीन."

त्यांनी तसंच केलं. जाड पट्टीला खाच पाडली, त्यात दांडा अडकायचा. स्टिअरिंगला एक लाकडी मूठ बसवली, म्हणजे एका हातानं फिरवता यावं. चढायला विटांचा ओटा केला.

ट्रॅक्टर त्यांनी सुदर्शनच्या पेरूच्या बागेत नेला. सुदर्शन म्हणजे पलीकडच्या वस्तीवरचा बागायतदार, घरोब्यातला. "काकू, झाड मोडलं तरी चालंल," म्हणाला आणि मोटर बघायच्या निमित्तानं लांब निघून गेला.

बद्रीनाथांनी दोरी ओढली. आशाबाईंनी दांडा खाचेत अडकवला, गिअर टाकला, मग श्वास धरून दांडा सोडला. ट्रॅक्टर हलला. दोन्हीकडं पेरूची झाडं, मधून लाल ट्रॅक्टर, आणि इंजिन बंद करायच्या बटणाजवळ हात धरून शेजारनं चालणारे बद्रीनाथ. आशाबाईंची नजर समोर होती. डावा हात मांडीवर पडलेला, उजवा मुठीवर. ओळीच्या टोकाला वळण होतं. तिथं त्यांचे ओठ हलताना दिसले. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही आलं नाही. वळण त्यांनी नीट घेतलं आणि ट्रॅक्टर थांबवला.

"काय म्हणत होतीस?"

"दादाला हाक मारत होते. ओळ संपली की हाक मारायची, मोसंबीच्या पाट्या उतरवायला गडी धाड म्हणून." त्यांना दम लागला होता, डोळे भरले होते. "तोंडातनं आपोआपच निघाली बघा."

पुढची ओळ त्यांना झेपली नाही. खांदा दुखायला लागला. बद्रीनाथांनी त्यांना धरून उतरवलं आणि दोघं पेरूच्या सावलीत पाणी पीत बसले.

डावा हात अजून तसाच आहे. डॉक्टरही आता फार आशा दाखवत नाहीत. पण अंगात बळ असेल त्या सकाळी आशाबाई स्वतःच म्हणतात, "चला." दिवाळीला मोनिका आली, तिलाही नेलं. आईला सीटवर बघून ती सुरुवातीला बांधावरच थांबली, तोंडावर हात धरून. ट्रॅक्टर वळून जवळ आला तेव्हा पुढं झाली.

"आई, मला शिकव ना."

"चपला काढ आधी," आशाबाई म्हणाल्या. "क्लच पायाला कळला पायजे."

आणि ज्या पायट्याला आता त्यांचा स्वतःचा पाय लागत नव्हता, त्यावर त्यांनी लेकीचा डावा पाय ठेवायला लावला.