सावलीजवळ तुटलेला फॅनबेल्ट

आलापल्लीला जायचं ठरलं ते माझ्या भावामुळे. तो तिकडे जंगल खात्यात होता आणि माझ्या लग्नाला त्याला येता आलं नव्हतं. पन्नासच्या दशकाची अखेर होती. ह्यांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. ह्यांच्या कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि आम्ही दोघं नागपूरहून पहाटेच निघालो.

आता त्या बाजूला जाणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण उमरेड सुटल्यावर धुळीशिवाय फारसं काही दिसत नसे. नागभीड, सिंदेवाही, मूल असं करत गडचिरोली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. वैनगंगेवर उन्हाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे अंथरलेले असत. त्यांवरून मोटार हळूहळू न्यायची, आणि चाक तट्ट्यावरून उतरलं की खाली उतरून ढकलायची. पुढचं सागाचं जंगल बघावं असंच होतं. भावाकडे सुट्टी मजेत गेली. जे झालं ते परतीच्या वाटेवर.

वैनगंगा ओलांडून सावलीच्या अलीकडे आलो तेव्हा बॉनेटखालून फटका मारल्यासारखा आवाज आला आणि वाफ उसळली. ह्यांनी बॉनेट उघडलं. पंखा फिरवणारा पट्टा तुटून खाली लोंबत होता. दुसरा पट्टा जवळ नव्हता.

"मला येतं हे," हे म्हणाले. "तासाभरात निघू."

आधी माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पिळली. इंजिन सुरू करताच तिची गाठ चाकावर अडकली आणि पट्टीच्या चिंध्या झाल्या. मग ह्यांनी कमरेचा कातडी पट्टा शिवून लावला. तो ताणायला डायनमोचा बोल्ट सैल करायचा होता आणि बोल्ट गंजलेला. पाना सटकून बोटांची सालं निघाली. कातडं दोन फेऱ्यांत निसटलं. मी जरा झाडाखाली बसायला सांगितलं तर, "तू मध्ये बोलू नकोस," एवढंच उत्तर मिळालं. लग्नाला चार महिने झाले होते. मी एकटीच झाडाखाली जाऊन बसले.

रस्त्यालगतच तलाव होता आणि काठावर मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. तिथून लटारीभाऊ आले, वय साठीच्या पुढे. त्यांच्यामागे पाण्याची घागर घेऊन त्यांची सून सगुणा.

"काय करून राह्यले साहेब?" लटारीभाऊंनी विचारलं.

ह्यांनी दोर मागितला. घरात कोरा दोर नव्हता. लटारीभाऊंनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा वरचा दोर उसवून आणला. "घ्या. पण कापू नोका. उद्या गावची मासोळी काढाची हाय."

ते आणि सगुणा पुन्हा पाणी आणायला गेले. दोर फार लांब होता, गुंडाळला की जाड होई आणि खाचेत बसेना. ह्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, चष्मा वर सरकवून कपाळाचा घाम पुसला आणि सुरी काढली. मी म्हटलं, "ते नको म्हणाले होते." ह्यांनी ऐकलं आणि तरी कापला.

मोटार सुरू झाली. दोनेकशे पावलं गेली असेल. मग जळका वास आला, दोर धुमसला आणि तुटला.

सगुणा घागर घेऊन आली तेव्हा उरलेला दोर माझ्या हातात होता. तिने घागर खाली ठेवली.

"काऊन कापला? जाळं नाई तं उद्या आमाले वाटा नाई भेटत. वर्षातून एकदा काढतेत तलाव."

ती ओरडली नाही. हे म्हणाले, "चूक माझी आहे. मला वाटलं होतं मला येतं. मला येत नाही."

सगुणा म्हणाली, "मोटरचं मले काय सांगता? दोराचं सांगा."

बांबू नेणारा एक ट्रक मूलकडे चालला होता. त्याच्या ड्रायव्हरकडे तुटका पट्टा देऊन तसाच आणायला सांगितलं. मग हे लटारीभाऊंच्या अंगणात बसले आणि अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून अंबाडीचा दोर वळला. सोललेल्या बोटांनी हे वळत होते. मी सगुणाबरोबर चुलीपाशी बसले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण भात आणि वाळल्या अंबाडीची भाजी तिने मला आधी वाढली.

सकाळी सगळं गाव तलावावर. जाळं ओढायला लागले आणि ह्यांनी वळलेला भाग जुन्या दोराला जिथे जोडला होता तिथे सुटायला लागला. लटारीभाऊ ओरडले, "धरा, साहेब!" हे कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि छातीभर पाण्यात दोन्ही हातांनी तो सांधा धरून जाळ्याबरोबर काठापर्यंत चालत आले. मासे आले. सगुणाच्या घराला वाटा मिळाला. ह्यांचा चष्मा तलावातच राहिला. त्यावर सगुणा पहिल्यांदा हसली.

दुपारी ट्रकवाला पट्टा घेऊन आला. तो जरा लांब निघाला. डायनमोमागे लाकडाची पाचर ठोकून तो ताणला, आणि उन्हं उतरल्यावर निघालो. चष्म्याशिवाय ह्यांना रस्ता धड दिसत नव्हता, म्हणून नागपूरपर्यंत मी खड्डे सांगत होते आणि हे ऐकत होते.

आज त्या बाजूला जाल तर रस्ता डांबरी आहे आणि वैनगंगेवर पूल आहे. तरी उन्हाळ्यात पाणी आणि जादा पट्टा जवळ ठेवा.

घरी पोचल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "वाघ दिसला का?" दिसला नव्हता. पण नवरा कसा आहे हे मला त्या तलावावर कळलं. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा, आणि चुकल्यावर चारचौघांत कबूल करून पाण्यात उतरणारा. पुढच्या चाळीस वर्षांत पहिल्याचा त्रास बराच झाला, पण दुसऱ्यामुळे मी कधी फार काळ रागावू शकले नाही.