बटणताईंचा प्रश्न

आमच्या दवाखान्यात संधिवातावर संशोधन चालतं. शरीर आपल्याच सांध्यांवर का उलटतं, आतून सूज का येते, याचा शोध. पेशंटचं रक्त मी तपासते, त्यांच्याशी बोलायचं काम सिस्टरचं. त्यांना सगळे बटणताई म्हणतात.

फॉर्मवर प्रश्न होता : सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात? पेशंट म्हणायचे, "थोडा वेळ." आमचे डॉक्टर सरळ दहा मिनिटं लिहून मोकळे व्हायचे. ताईंचं डोकं फिरलं. "थोडा वेळ कसला डोंबलाचा! दुखणं अंगवळणी पडलं की दोन तासही थोडेच वाटतात." त्या विचारू लागल्या, "उठल्यावर किती वेळाने बटणं लावता येतात?" दहा मिनिटंवाल्या एका आजींचे पावणेदोन तास निघाले.

डॉक्टर वैतागले. "सिस्टर, छापलंय तेवढंच विचारा."

"तेही विचारते आणि माझंही विचारते."

रक्तातल्या सुजेचे आकडे मी ताडून पाहिले. ते ताईंच्या वेळांशी जुळले, दहा मिनिटांशी नाही. डॉक्टरांनी गुपचूप नवा फॉर्म छापून घेतला, बटणांसकट.

एरवी कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे डॉक्टर काल सलग चौथ्या दिवशी टी-शर्टात आले. ताईंनी कोरा फॉर्म पुढे ओढला. "बसा साहेब. बटणांना किती वेळ लागतो?"

"थोडा..." म्हणून डॉक्टर अडखळले.

ताईंनी पेनाचं टोपण काढलं.

"दीड तास," डॉक्टर म्हणाले.